रायत्याच्या पुलापलीकडची वाट

सकाळी सहाच्या आत कल्याणच्या एसटी स्टँडवर पोहोचायचं. जुन्नर, आळेफाटा किंवा अहिल्यानगर (पूर्वीचं नगर) अशी पाटी लावलेली, माळशेज घाटातून जाणारी गाडी धरायची आणि कंडक्टरकडे वैशाखऱ्याचं तिकीट मागायचं. शहाड, म्हारळ, वरप, कांबा मागे पडतात. रायत्याच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडली की टॉवरांची गर्दी विरळ होते. गोवेली आणि मुरबाड झालं की दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. दिवाळीच्या सुमाराला त्यांत कापणी चाललेली असते आणि बांधावर भाताचे भारे रचलेले दिसतात. टोकावड्यानंतर समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. त्या भिंतीतून वर काढलेल्या अंगठ्यासारखा एक कडा ओळखू येतो, तो नानाचा अंगठा. त्याच्या कुशीतल्या खिंडीत, म्हणजे नाणेघाटात, आपल्याला चढून जायचं आहे.

आपण कल्याण-डोंबिवलीकर या नाणेघाटाला पावसाळी सहलीचं ठिकाण समजतो, याची मला मनापासून खंत वाटते. कारण हा घाट आपल्या गावाचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचं नाव ‘कॅलिएना’ असं येतं. एके काळी इथे कायदेशीर व्यापार चाले, पण सत्ता बदलल्यावर बंदराची नाकेबंदी झाली आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असं तो सांगतो. बंदर तगायचं तर त्याला घाटमाथ्याशी जोडणारी वाट हवी. खाडीत उतरलेला माल जुन्नरकडे आणि तिथून पैठणकडे जायचा तो या खिंडीतून.

वैशाखरे गावाच्या थोडं पुढे उतरलं की वाट आधी सपाटीने जाते, ओढा ओलांडते आणि झाडीत शिरते. पुढे कारवी, करवंदीच्या जाळ्या आणि मग दगडांची उभी चढण. रमतगमत गेलं तरी अडीच-तीन तासांत खिंड येते. सोबत माणशी तीन लिटर पाणी असू द्यावं, कारण पावसाळा सरला की ओढ्यांचा भरवसा नाही. पावसाळ्यात मात्र दगड शेवाळलेले असतात. नवख्यांनी तेव्हा जाण्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. वरच्या टप्प्यात वाट फरसबंद होते आणि कातळात कोरलेल्या पायऱ्या व पाण्याची टाकी दिसू लागतात. पायऱ्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. तिथे क्षणभर बसून दगडावरून हात फिरवावा.

खिंडीच्या तोंडाशीच लेणं आहे. तिन्ही बाजूंनी दगडी बाक, वाटसरूंनी टेकावं म्हणून कोरलेले. मागच्या भिंतीवर कधीकाळी सातवाहन राजघराण्याच्या आठ प्रतिमा होत्या. आज मूर्ती नाहीत. पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली काही नावं तेवढी उरली आहेत: सिमुक सातवाहन, देवी नागनिका, राजा सातकर्णी, काही कुमार आणि एक महारठी. बाजूच्या दोन्ही भिंतींवर दहा-दहा ओळींचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. तो राणी नागनिकेचा मानला जातो आणि बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक धरतात. कर्नल विल्यम साइक्स 1828 मध्ये इथे आले, त्यानंतर या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी पुढे त्याचं वाचन केलं.

लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. नंतर राणीचं वर्णन येतं: महिनाभर उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीचं जिणं जगणारी. मग अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आणि प्रत्येकात दिलेली दक्षिणा, म्हणजे गायी, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी. आणि ही दक्षिणा मोजण्यासाठी कोरलेले आकडे! एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन. चार काहीसा अधिकच्या खुणेसारखा. शून्य नाही, स्थानमूल्य नाही, म्हणून दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं. भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या लेखी पुराव्यांत याची गणना होते. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या अंकांचे पूर्वज कल्याणहून साठेक किलोमीटरवर, डोंगरातल्या या लेण्यात आहेत. त्यांच्याशेजारी कुणी खिळ्याने आपलं नाव कोरलेलं दिसलं की जीव तुटतो. लेखावर पाणी मारू नका, खडू फिरवू नका. विजेरीचा उजेड बाजूने तिरका धरला की अक्षरं आपसूक उठून दिसतात.

खिंडीतून घाटघरच्या बाजूला बाहेर पडलं की वाटेकडेला दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत असत आणि त्यावरूनच घाटाला नाव मिळालं, असं लोक सांगतात. समोर जीवधन किल्ला आणि त्याला लागून वानरलिंगीचा सुळका. हातात वेळ असेल तर भाकरी नानाच्या अंगठ्यावर बसून खावी. मात्र कड्यापासून चार पावलं मागेच.

जुन्नरला जाण्याइतका वेळ एका दिवसात मिळत नाही, पण तिथली एक गोष्ट सांगायलाच हवी. लेण्याद्रीच्या चैत्यगृहातल्या लेखात दात्याचं नाव आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. आपल्या गावच्या एका घराने घाटापलीकडच्या डोंगरात अख्खं चैत्यगृह कोरवून दिलं होतं. कान्हेरीच्या लेण्यांतही कल्याणच्या दात्यांची नावं आहेत.

दुपारी तीनच्या आत उतरायला लागावं, कारण झाडीत अंधार लवकर होतो. उतरताना मी दर वेळी झिजलेल्या पायऱ्यांवर थांबून पश्चिमेला पाहतो. पायथ्याची खाचरं, मुरबाडचा रस्ता आणि त्यापलीकडे धुरकट पट्टा. सुलसदत्ताच्या घरचं कुणी कधी या वाटेने परतलं असेल, तर त्याचंही गाव त्याच दिशेला होतं.