अकरा पैशांचं औषध

1971 च्या जूनमध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात पटकीच्या रोग्यांसाठी दोन खोल्या होत्या आणि सोळा खाटा. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित सरहद्द ओलांडून आलेले, वर पावसाळा, आणि छावण्यांत पटकी. खाटा केव्हाच भरल्या होत्या. माणसं जमिनीवर, ढाळ-वांत्यांच्या थारोळ्यात पडलेली. कलकत्त्याहून आलेल्या डॉ. दिलीप महालनबिस यांना शिरेत सुई घालायची तर त्याच घाणीत गुडघे टेकावे लागत. थोड्याच दिवसांत सलाईनचा साठा संपत आला.

पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आटल्याने. रोग्याच्या विष्ठेतला जंतू विहिरीत, तळ्यात, अन्नात उतरतो आणि दुसऱ्याच्या पोटात जातो. पुष्कळांना काहीच होत नाही, काहींना साधे जुलाब होतात. पण रोग भिनला तर तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात, तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकतं. डोळे खोल जातात, हातापायांत गोळे येतात, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते. उपचार नसेल तर काही तासांत खेळ संपतो.

हा जंतू इटलीच्या पाचिनींनी 1854 मध्ये पाहिला, 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात तोच पटकीला कारण असल्याचं निश्चित केलं. पण आतड्याच्या भिंतीत न शिरता तो एवढा अनर्थ कसा करतो, याचा उलगडा व्हायला 1959 साल उजाडलं. कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधला आणि जंतू गाळून काढलेला द्रव त्यात सोडला. जंतू नव्हता, तरी आतडं पाण्याने फुगलं. म्हणजे करणी जंतूने सोडलेल्या विषाची होती. एवढं मोठं काम करणाऱ्या या माणसाला देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने आपला सदस्य करून घेतलं नाही, याची खंत वाटते.

या विषामुळे आतड्यातून क्षार आणि त्यामागोमाग पाणी बाहेर पडत राहतं. पण आतड्याची एक वाट उघडीच राहते: ग्लुकोज आत जाताना सोबत सोडियम घेऊन जातं आणि त्यांच्यामागे पाणी. याच आधारावर नलिन आणि कॅश या डॉक्टरांनी 1968 मध्ये ढाक्यात रोग्यांना तोंडाने क्षारजल देऊन दाखवलं होतं. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णालयात. छावणीत, नातेवाइकांच्या हातून हे जमेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता.

महालनबिसांपुढे दुसरा मार्गच उरला नव्हता. कलकत्त्यातल्या त्यांच्या संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा असं तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं जाई. पिशवीचं तोंड गरम इस्त्रीने बंद करत. बनगावला ते पिंपात कालवून ठेवायचं. आई, भाऊ, मुलगा, जो कोणी जवळ असेल त्याने पेल्याने पाजत राहायचं. खर्च लिटरला सुमारे अकरा पैसे. छावण्यांत शेकडा तीसच्या आसपास गेलेलं मरणाचं प्रमाण त्यांच्या रोग्यांत 3.6 टक्क्यांवर आलं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या वैद्यकाचं एवढं मोठं यश फार थोड्या ठिकाणी सापडेल, आणि ते रोग्याच्या उशाशी बसलेल्या घरच्या माणसांनी मिळवलेलं आहे. भारताने महालनबिसांना पद्मविभूषण दिलं ते 2023 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

आज ओआरएसची पुडी गावोगाव मिळते. ती नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजावं, वांती झाली तरी थोडं थांबून घोटघोट देत राहावं आणि रोग्याला दवाखान्यात न्यावं. रोगी पार गळून गेला असेल तर सलाईनच लागतं. प्रतिजैविकांनी जुलाब लवकर आटोक्यात येतात. वेळेवर उपचार झाले तर शंभरात एकही जण दगावत नाही.

मराठी मुलखात पटकी 1818 मध्ये, पेशवाई बुडाली त्याच वर्षी पोचली. पुढे शंभरावर वर्षं गावं मरीआईला साकडं घालत राहिली. करण्यासारखं दुसरं हाताशी नव्हतं. आज आहे. तरी 2022 च्या जुलैत मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत माणसं पटकीने गेली. बिल थकल्यामुळे नळयोजनेची वीज तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते.