उलटविलेली वाणी : बिनतारी दूरध्वनी व परक्याचा कान

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात लॉर्ड लिनलिथगो यांच्या कारकिर्दीत सरकारने बसविलेला दूरध्वनी आजही जतन केलेला आहे. तारेवरील असे संभाषण चोरून ऐकावयाचे तर तारेपर्यंत पोहोचावे लागते. बिनतारी दूरध्वनीत हा अडसर उरला नाही. १९२७ साली खडकीचे प्रक्षेपण केंद्र व दौंडचे ग्रहण केंद्र यांच्याद्वारे इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. १९३३ साली बिनतारी दूरध्वनीने मुंबई व लंडन जोडली गेली. लघुलहरींवरून जाणारे साधे बोलणे, योग्य ग्राहकयंत्र बाळगणाऱ्या कोणासही ऐकता येण्याजोगे होते.

यावर उपाय म्हणून अटलांटिकपार दूरध्वनीसारख्या मार्गांवर आवाज 'उलटविण्याची' युक्ती योजण्यात आली. आवाजातील प्रत्येक कंपनसंख्या, उदाहरणार्थ, ३००० मधून वजा केली की ३०० च्या जागी २७०० व १००० च्या जागी २००० येते. नीच ते उच्च होते व उच्च ते नीच. पलीकडे हीच क्रिया पुन्हा केली की मूळ वाणी परत मिळते.

भाषाशास्त्रापुढील प्रश्न असा की, या उलथापालथीत काय नष्ट होते व काय टिकते? स्वरांची ओळख त्यांच्या अनुनादांवर अवलंबून असल्याने ती बिघडते. 'पाट' व 'पात' यांतील मूर्धन्य-दंत्य भेदही धूसर होतो. परंतु कालाश्रित गुणधर्म अबाधित राहतात. 'काल' व 'खाल' यांतील महाप्राणत्वाचा कालावधी, अक्षरांची संख्या, विराम आणि लय ही सर्व टिकतात; 'येणार.' व 'येणार?' यांतील सुरावलीचा भेदही बव्हंशी जाणवतो. बॅरी ब्लेसर यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, केवळ उलटविलेल्या वाणीतून बोलणाऱ्या काही जोड्यांना सरावाने संभाषण साधले. तेव्हा चिकाटीच्या श्रोत्यापुढे ही युक्ती दुबळीच होय.

पुढे आवाजाचे पट्टे पाडून त्यांची अदलाबदल करण्यात येऊ लागली. तथापि जर्मन टपाल खात्याने १९४२ साली हॉलंडमधील केंद्रातून अटलांटिकपार संभाषणे ग्रहण करून तीही उलगडली. १९४३ साली अमेरिकेने वाणीचे अंकांत रूपांतर करून ती गुप्त किल्लीने झाकणारी यंत्रणा वापरात आणली, तेव्हा कोठे लय व सूरही लपले.

वाणीत अर्थाच्या खुणा अनेक पदरी असतात. गोंगाटातही आपले बोलणे ज्यामुळे समजते, त्याच विपुलतेने चोरट्या श्रोत्याचेही काम सुलभ केले.