यंत्रखोलीला जागा मिळेना

अमेरिकेतल्या शहरांत वेगवान इंटरनेट घरोघरी पोहोचायला उशीर झाला की दोष खोदकामाला किंवा खांबांवरून चाललेल्या भांडणांना दिला जातो. ऑप्टिकल फायबरचे जाळे पसरवायला वस्तीजवळ छोट्या यंत्रखोल्याही लागतात, याकडे फारसे लक्ष जात नाही. आत स्विच, बॅटऱ्या आणि वातानुकूलन, जोडीला वीज गेल्यावर चालणारा जनरेटर. माणसाचा वावर फक्त देखभालीपुरता. मात्र अनेक शहरांच्या झोनिंग नियमांत अशा बांधकामाचा वेगळा वर्गच नाही. मग कचेरीला लावतात तसे सामासिक अंतर आणि पार्किंगचे नियम या खोलीला लावले जातात, नाहीतर वीज उपकेंद्रासारखी विशेष परवानगी आणि जनसुनावणी मागे लागते. 2014 मध्ये गूगलने फायबरसाठी 9 महानगर क्षेत्रांतल्या 34 शहरांशी बोलणी सुरू केली, तेव्हा या खोल्यांसाठी महापालिकांच्या जागा भाड्याने घेण्याचा प्रश्नही पुढे आला.

मोबाइल टॉवरची स्थिती याहून बरी आहे. 1996 च्या दूरसंचार कायद्याने जागेबाबतचा शहरांचा अधिकार कायम ठेवला, पण निर्णय वाजवी मुदतीत आणि नकार लेखी देण्याचे बंधन घातले. संघीय दूरसंचार आयोगाने 2009 मध्ये ती मुदत ठरवली: आधीच्या टॉवरवर नवी उपकरणे बसवण्यासाठी 90 दिवस, इतर अर्जांसाठी 150 दिवस. ही तरतूद बिनतारी सेवेपुरती आहे. निव्वळ फायबरच्या खोलीला तिचा आधार नाही, आणि हा भेद मला असमर्थनीय वाटतो. उंच टॉवरच्या अर्जाला कालमर्यादा असेल, तर एकमजली खोलीचा अर्ज बेमुदत पडून का राहावा?

यावरचा आक्षेप गंभीर आहे: अर्ज मुदतीत निकाली काढण्यासाठी सुनावणी काढून घेतली तर रहिवाशांनी बोलायचे कुठे? टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत महापालिकेने गूगलला दिलेल्या जागांमध्ये उद्यानेही होती. हॅस्किन पार्क या छोट्या उद्यानात खोली उभी राहिल्यावर शेजारी संतापले आणि अखेर ती हलवावी लागली. त्यांचा राग रास्त होता. मोकळी जागा आधीच थोडी असताना ती यंत्रांना द्यायला नकोच होती. पण त्यांचे म्हणणे जागांची यादी ठरतानाच निर्णायक ठरायला हवे होते. उद्याने वगळा, उंची, कुंपण, झाडांचा आडोसा आणि जनरेटरच्या चाचणीची वेळ जाहीर चर्चेतून नियमांत लिहा. त्यात बसणारा अर्ज नियोजन अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत मंजूर करावा, आणि सवलत मागणाऱ्यालाच सुनावणीला उभे करावे.