बिली हॉलिडेची प्रेमगीते

प्रेमगीत म्हटले की मधुर गळा आणि अलंकृत शब्द यांची आपणांस प्रथम आठवण होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय जॅझगायिका बिली हॉलिडे हिच्यापाशी या दोहोंपैकी फारसे काही नव्हते. तिचा आवाज लहान. सप्तकाच्या फारसा पलीकडे तो जात नसे. आरंभीच्या काळात तिच्या वाट्यास आलेली गीतेही बहुधा सामान्य, पैसे टाकून तबकड्या वाजविण्याच्या यंत्रांसाठी घाईघाईने गाऊन घेतलेली. तरीही तिला जाऊन साठांहून अधिक वर्षे लोटली असताना लोक ती आवडीने ऐकतात.

तिचा जन्म ७ एप्रिल १९१५ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला व बालपण बाल्टिमोरच्या दरिद्री वस्तीत गेले. शाळा चुकविते म्हणून न्यायालयाने १९२५ साली तिला उत्तम मेंढपाळाच्या धर्मभगिनींच्या सुधारगृहात धाडले. तेथेच, वयाच्या नवव्या वर्षी, तिचा बाप्तिस्मा झाला. संगीत तिला कोणी शिकविले नाही. बेसी स्मिथ व लुई आर्मस्ट्राँग यांच्या तबकड्या हेच तिचे गुरुकुल.

१९३५ पासून पियानोवादक टेडी विल्सन याच्या साथीने तिने गाणी मुद्रित केली, त्यांत तिची रीत स्पष्ट दिसते. वाद्यवृंद ठेक्यात पुढे जात असतो आणि ही किंचित मागून, रेंगाळत येते. जणू बोलावे की न बोलावे, असा तिच्या मनाचा निश्चय होत नाही. चालीतील चढउतार गाळून दोनचार स्वरांवरच ती संपूर्ण ओळ म्हणते. मायक्रोफोन आल्यामुळे गायकास ओरडण्याचे कारण उरले नव्हते; त्याचा खरा लाभ हिने घेतला. ती सभागृहाला उद्देशून गात नाही, एकाच मनुष्याशी बोलते.

दारू व मादक द्रव्ये यांच्या आहारी गेलेल्या स्त्रीचे कौतुक या पानांवर कशाला, असे एखादा वाचक विचारील. व्यसनापायी १९४७ साली तिला कारावास घडला व न्यूयॉर्कच्या मद्यगृहांत गाण्याचा परवाना गेला, हे खरे आहे. छळणाऱ्या पुरुषाला पुनःपुन्हा क्षमा करणारी तिची काही गीते आपल्या मुलींनी प्रीतीचा आदर्श म्हणून गिरवू नयेत, हेही मी निःसंकोच सांगतो. परंतु ती श्रोत्याला फसवीत नाही. शब्द सुखाचे असले तरी त्या सुखाची किंमत काय पडली, ते स्वरांत ऐकू येते. १९५८ साली तंतुवाद्यांच्या मोठ्या ताफ्यासह मुद्रित झालेल्या ‘लेडी इन सॅटिन’मध्ये तर तिचा गळा पार खरखरीत झाला आहे. कित्येकांना ती तबकडी ऐकवत नाही. मला मात्र तीच सर्वांत खरी वाटते.

तिला ‘लेडी डे’ हे नाव सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग याने दिले. १९३७ पासून तिच्या गाण्यामागे त्याचे वाद्य दुसऱ्या आवाजासारखे चालत असे. पुढे दोघांत दुरावा आला. डिसेंबर १९५७ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात ती दोघे पुन्हा एकत्र आली. तो आजारी व थकलेला होता. आपली पाळी येताच उठून त्याने अगदी मोजके स्वर वाजविले, आणि ती त्याच्याकडे पाहत हळूहळू मान डोलावीत राहिली. ते चित्रण आजही उपलब्ध आहे. मार्च १९५९ मध्ये तो वारला. त्याच वर्षी १७ जुलैस, वयाच्या ४४ व्या वर्षी, ती. न्यूयॉर्कच्या सेंट पॉल धर्ममंदिरात तिची मृतांची मिस्सा झाली, आणि सेंट रेमंड दफनभूमीत ती आपल्या आईजवळ विसावली आहे.