सभेचे अखंड चित्रण

सभा दोन तास चालते आणि तिचे चित्रण मात्र वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत हाती येते, हा अनुभव हातातल्या व्हिडिओ कॅमेऱ्याने सभा टिपणाऱ्या पुष्कळांना आला असेल. ग्रामसभा असो, कामगारांची सर्वसाधारण सभा असो, की मालकाशी चाललेली वाटाघाट असो. वाद निघतो तो नेमका दोन तुकड्यांच्या सांध्यावर. ‘मधल्या मिनिटात काय झाले?’ एवढे प्रतिपक्षाने विचारले की उरलेल्या दोन तासांची किंमत निम्म्यावर येते. तेव्हा हा विषय केवळ हौशी मंडळींचा आहे असे आम्ही मानीत नाही.

पूर्वी अखंडता शक्यच नव्हती. 1899 साली सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. त्या काळी ल्युमिएर बंधूंचे एक रीळ जेमतेम 50 सेकंद चाले. पुढे सिनेमाचे 1000 फुटी रीळ सुमारे 11 मिनिटे चालू लागले, आणि आमच्या पिढीने पाहिलेली मिनी डीव्हीची टेप तासभर. टेप बदलताना जे बोलले गेले ते गेलेच.

आता टेप नाही, कार्ड आहे. मग तुकडे का पडावेत? याचे कारण कार्डावर हिशेब ठेवण्याच्या पद्धतीत आहे. फॅट-32 नावाच्या जुन्या पद्धतीत फाइलीची लांबी लिहिण्याचा रकाना 32 बिटांचाच आहे. 4 जीबीहून मोठा आकडा त्यात मावत नाही. चांगल्या प्रतीचे चित्रण सेकंदाला 24 मेगाबिट, म्हणजे 3 मेगाबाइट, जागा खाते. या वेगाने 4 जीबी भरावयास तेवीस-चोवीस मिनिटे लागतात. ती भरली की कॅमेरा एक फाइल मिटतो आणि दुसरी उघडतो. चित्रण मात्र थांबलेले नसते. कीर्दीचे पान भरले म्हणून दुकान बंद होत नाही, तसेच हे आहे. 32 जीबीहून मोठ्या कार्डांवर एक्सफॅट ही नवी पद्धत असते व तीत ही अडचण उरत नाही; तरी पुष्कळ कॅमेरे जुन्या सवयीने तुकडे करीतच राहतात.

खरी चूक पुढे होते. शूटिंगवाला एकेक फाइल ओढून संगणकावर घेतो आणि सांध्यावर आवाज अडखळतो, कारण एका फाइलीच्या शेवटच्या चित्राचा किंवा आवाजाचा काही भाग पुढच्या फाइलीत गेलेला असतो. म्हणून कार्डावरील सर्व फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्यावे, आणि कॅमेऱ्याच्या कंपनीने दिलेल्या किंवा पुन्हा संस्कार न करता जोडणाऱ्या प्रोग्रामने ते जोडावे.

फोटोच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत 29 मिनिटे 59 सेकंदांनी चित्रण बंद पडे, त्याची गंमत निराळी. युरोपात अर्धा तास वा अधिक चित्रण करणाऱ्या यंत्रास व्हिडिओ कॅमेरा समजून जकात जास्त लागे, ती चुकविण्यासाठी ही मर्यादा आली. यंत्राची म्हणून आपण जी मर्यादा समजतो ती कधीकधी अशी कारकुनाच्या टेबलावर ठरते! कॅमकॉर्डरला ही अट नसे. सभेसाठी आम्ही तोच पसंत करतो तो एवढ्याकरिताच.

विजेचे सांगावयास हवे. लहान बॅटरी तास-दीड तास टिकते. औंढा तालुक्यातल्या आमच्या शिरड शहापुरास भारनियमन काही नवे नाही. तेव्हा अडॅप्टर लावावा आणि बॅटरीही आत ठेवावी, म्हणजे वीज गेल्यास पुष्कळ कॅमेरे बॅटरीवर चालू राहतात. ज्यात बॅटरीच्या जागीच अडॅप्टर बसतो त्याला ही सोय नाही. एमपी-4 प्रकारात फाइलीची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज तुटली तर चालू फाइल उघडतच नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत 40 अंश हीच वरची सीमा छापलेली असते. कॅमेरा सावलीत ठेवावा. 64 जीबीच्या कार्डावर या प्रतीचे चित्रण जवळजवळ सहा तास मावते; परंतु नकली कार्डे बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून नवे कार्ड सभेच्या आधी एकदा पूर्ण भरून पाहावे.

अखंड चित्रणाला कोर्टात काय मोल येते, याचा दाखला मराठवाड्यातच आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांची उमेदवारी अर्जाची कागदपत्रे 27 सप्टेंबर 2014 रोजी दुपारी 3 वाजण्याची मुदत टळल्यावर दाखल झाली, असे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात व बाहेर कॅमेरे लावलेले होते. त्या चित्रणाच्या आधारे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर 2017 मध्ये निवड रद्द ठरविली. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले, पण तत्त्व घालून दिले: मूळ साधन हजर न करता त्याची नक्कल हजर करावयाची तर कायद्याचे प्रमाणपत्र हवेच. येथे अधिकाऱ्यांनी मागूनही ते दिले नव्हते, म्हणून अर्जदारास तेवढी सूट मिळाली. सामान्य माणसाने अशा सुटीवर विसंबू नये.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 अमलात आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एक साधन बाळगणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यांत फाइलीची हॅश संख्या लिहावी लागते. हॅश म्हणजे सबंध फाइलीवरून काढलेली लांब संख्या. एका चित्रात ठिपक्याएवढा फरक केला तरी ती पार बदलते, जणू फाइलीवरची लाखेची मोहोरच. ही संख्या तुकडे जोडण्याआधी, मूळ फाइलींची काढावी. जोडलेली प्रत पाहण्याच्या सोयीसाठी, मूळ तुकडे पुराव्यासाठी. सभेच्या आरंभी भिंतीवरचे घड्याळ चौकटीत घ्यावे आणि तारीख, गाव मोठ्याने सांगावे. सभा संपल्यावर कार्ड पाकिटात घालून, वर दोघांच्या सह्या घेऊन बाजूला ठेवावे, आणि पुढच्या सभेसाठी दुसरे कार्ड विकत आणावे.