हिमगौरीची पेटी आणि भिंतीवरची मांडणी

भिंतीवर बसविलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या खाचांत लहान खुंट्यांनी अडकविलेल्या धातूच्या फळ्या. एवढाच त्या मांडणीचा सारा प्रपंच. पुस्तके वाढली तर आणखी दोन फळ्या चढवाव्यात, बिऱ्हाड हलले तर उतरवून बरोबर न्यावी. 1960 साली रेखाटलेली ही ‘606’ मांडणी आजही तयार होते, आणि नव्या फळ्या जुन्या पट्ट्यांना बसतात!

तिचे कर्ते डीटर राम्स यांचा जन्म 1932 साली जर्मनीतील वीसबाडेन येथे झाला. आजोबा सुतार. वास्तुकलेचे शिक्षण मध्येच थांबवून राम्स यांनीही सुतारकामाची उमेदवारी केली. हाताला लाकूड कळल्याखेरीज कागदावरील रेघेला अर्थ येत नाही, असे आम्हांस त्यांच्या कामाकडे पाहून वाटते.

1955 मध्ये ते ब्राउन या उद्योगसंस्थेत आले ते अंतर्गत सजावटीसाठी. पण लवकरच यंत्रेही त्यांच्या हाती आली. तेव्हाचा रेडिओ म्हणजे दिवाणखान्यात मिरवण्याचा चकचकीत लाकडी पेटारा. (आपल्याकडेही त्यावर क्रोशाचा रुमाल अंथरून फुलदाणी ठेवण्याची हौस होतीच.) हान्स गुगेलो यांच्यासह राम्स यांनी 1956 मध्ये रेडिओ-ग्रामोफोनची पांढरी, दोन बाजूंस लाकूड असलेली पेटी घडविली. पत्र्याचे झाकण आवाज वाढविताच थरथरू लागे. म्हणून राम्स यांनी पारदर्शक प्लास्टिकचे सुचविले. प्रतिस्पर्ध्यांनी तिला ‘हिमगौरीची शवपेटी’ म्हणून हिणविले. पुढे तसे झाकण जगभरच्या ग्रामोफोनांवर दिसू लागले!

1961 ते 1995 अशी चौतीस वर्षे ते ब्राउनच्या अभिकल्प विभागाचे प्रमुख होते. रेडिओ, घड्याळे, गणकयंत्रे अशा कितीतरी वस्तू तेथून बाहेर पडल्या. मात्र आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते फर्निचरच. 1962 ची त्यांची ‘620’ खुर्ची दुसरीस जोडली की तिचा सोफा होतो. ‘कमी, पण अधिक चांगले’ हे त्यांचे ब्रीद. परंतु ही मांडणी वा ही खुर्ची सामान्य संसाराला परवडणारी नाही, हेही सांगितले पाहिजे.

ही विसंगती असो वा नसो, मोठी खंत निराळीच होती. 2018 मध्ये त्यांच्यावर निघालेल्या माहितीपटात, पुन्हा आयुष्य मिळाले तर आपण अभिकल्पकार होणार नाही, असे राम्स बोलून गेले. जगात अनावश्यक वस्तूंची फार दाटी झाली आहे, हे त्याचे कारण. क्रोनबर्ग येथे 1971 साली बांधलेल्या त्यांच्या घरात स्वतःचीच मांडणी आणि स्वतःच्याच खुर्च्या होत्या.