श्रवणयंत्राची निवड आणि मराठी व्यंजने

‘ऐकू येते, पण शब्द उमगत नाही’ ही वृद्धांची तक्रार भाषाशास्त्रदृष्ट्या अर्थपूर्ण आहे. स्वरांची ऊर्जा मुख्यतः नीच कंप्रतांत असते. ‘स’ची बहुतांशी ४००० हर्ट्झच्या वर, ‘श’ची त्याहून काहीशी खाली. वार्धक्यात प्रथम उच्च कंप्रतांचेच श्रवण क्षीण होते. त्यामुळे बोलण्याचा नाद कानी येतो, परंतु ‘साल’ की ‘शाल’ हा भेद लोपतो. आणि वारंवार चुकीचे उत्तर दिल्याच्या संकोचाने मनुष्य हळूहळू संभाषणच टाळू लागतो.

सबब, सर्वच ध्वनी सरसकट मोठे करणारे यंत्र येथे कुचकामी ठरते. श्रवणालेखानुसार प्रत्येक कंप्रतापट्टीस निराळे वर्धन हवे. क्षीण ध्वनींस अधिक, प्रबळांस कमी. हे वर्धन कर्णनलिकेत सूक्ष्म नळी ठेवून प्रत्यक्ष मोजता येते.

तथापि, श्रवणालेख शुद्ध नादांवर आधारलेला असल्याने त्यावरून शब्दबोधाची पूर्ण कल्पना येत नाही. म्हणून ‘साल–शाल’, ‘पार–फार’ अशा मातृभाषेतील जोड्या, ओठ झाकून, शांततेत व गोंगाटात, यंत्रासह व यंत्राविना ऐकवाव्यात. अंतःकर्णाची हानी तीव्र असल्यास सर्वच भेद परत मिळणार नाहीत. परंतु अधिकांत अधिक भेद ज्याने मिळतात, तेच यंत्र योग्य. किंमत व आकार हे त्यानंतरचे विचार होत.